ठिबकचे बारा वॉल आणि लूपमधली बटणं: चोपडा तालुक्यातल्या शेतातल्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

आमच्याकडे तापीकाठी सात एकर केळी आहे, बारा पट्ट्यांत. एक ते आठ मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), नऊ ते बारा कांदेबाग (पावसाळ्यानंतरची). लागवड पाच बाय पाच फुटांवर, सगळी ठिबकवर, झाडामागे ताशी ८ लिटरचे दोन ड्रिपर. पट्ट्यागणिक एक वॉल (व्हॉल्व्ह). पंप एका वेळी एकाच पट्ट्याला पुरेसं प्रेशर देतो, त्यामुळे वेळ झाली की कोणीतरी उठून पुढचा वॉल उघडायचा आणि मागचा बंद करायचा. मृगबागेला ४५ मिनिटं, कांदेबागेला ३०. आठ पट्ट्यांचे ३६० आणि चारांचे १२०, म्हणजे ४८० मिनिटं. बरोबर आठ तासांची लाइट खाऊन टाकतं.

दिवसाची लाइट असते त्या आठवड्यात अडचण नाही. रात्रीची पाळी आली की सालदार (वर्षाच्या बोलीवर काम करणारे) काका बॅटरी घेऊन बागेतून बारा चकरा मारतात. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या पायाजवळून घोणस गेली. तेव्हापासून हे काम माझ्या डोक्यात आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत पुरं करायचं ठरवलंय, कारण सालदाराचं साल आखाजीला संपतं. पुढच्या सालाचं बोलताना मला काकांना सांगता आलं पाहिजे की रात्री वॉल फिरवायला जावं लागणार नाही.

सामान: २४ व्होल्ट एसीचे बारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) वॉल, आर्डुइनो मेगा (प्रोग्राम करता येणारं छोटं कंट्रोल बोर्ड), १६ चॅनलचं रिले (विजेवर चालणाऱ्या स्विचांचं) बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, वायर. बारा वॉलनाच २६,४०० लागले, बाकी सगळं मिळून ९,१००. पंपघरात जुना लॅपटॉप ठेवणार आणि त्यावर पायथॉन भाषेतल्या टीकेइंटरमध्ये (खिडक्या-बटणं बनवायच्या साधनात) बारा बटणांची खिडकी. वॉल बारा असल्याने बटणं लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) करणार.

पुढे कोडचे तुकडे देवनागरीत लिहिलेत. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबल आणि फंक्शनची नावं खरोखरच देवनागरीत चालतात, माझ्या फाइलमध्ये तशीच आहेत. फॉर, लॅम्डा, कमांड असे पायथॉनचे आपले शब्द आणि कोडमधले आकडे मात्र टाइप करताना इंग्रजीतच हवेत.

५ मार्च, बुधवार

वायरिंग झालं. मेगाच्या २२ ते ३३ या पिनांवर बारा रिले.

पहिला घोळ रिलेचाच. हे बोर्ड उलट्या चालीचं आहे, पिन लो केली की रिले लागतो. मी सेटअपमध्ये आधी पिन आउटपुट केली आणि मग हाय केली, तर मधल्या क्षणात बाराही रिले टकटक वाजून जात. आधी हाय लिहायचं, नंतर आउटपुट करायचं. ओळींची जागा बदलली, आवाज गेला.

मग खिडकी. पहिली ओळ अशी होती:

फॉर क्र इन रेंज(१, १३):
    बटण = बटन(चौकट, टेक्स्ट=क्र, कमांड=वॉल_उघड(क्र))

प्रोग्राम सुरू केला आणि एकही बटण न दाबता रिले एकापाठोपाठ एक, एक ते बारा, लागत गेले. त्यानंतर कुठलंही बटण दाबलं तरी काहीच नाही. कारण कंसात आहे. वॉल_उघड(क्र) असं लिहिलं की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि बटणाला मिळतो त्याचा निकाल, म्हणजे काहीच नाही. बटणाला फंक्शन द्यायचं असतं, चालवून झालेलं फंक्शन नव्हे. पंपाचा स्टार्टर बंद होता म्हणून बरं. चाचणी करताना पंप बंदच ठेवा.

७ मार्च, शुक्रवार

कंसाचं दुखणं काढायला लॅम्डा (जागीच लिहिलेलं, बोलावल्यावरच चालणारं बिननावाचं फंक्शन) लावला:

कमांड=लॅम्डा: वॉल_उघड(क्र)

आता सुरू करताना रिले वाजत नाहीत. नवा वॉल उघडल्यावर जुना बंद करायचं काम आर्डुइनोकडे दिलं. आधी पुढचा उघडायचा, दोन सेकंदांनी मागचा बंद करायचा. उलट केलं तर क्षणभर सगळे वॉल बंद आणि पंप चालू, मग प्रेशर सांध्यांवर येतं.

संध्याकाळी पंप चालू करून खरी चाचणी घेतली. बारा नंबरचा पट्टा पंपघराला लागून आहे, वॉल दारातून दिसतो. बाराचं बटण दाबलं, पाणी आलं, ड्रिपर गळायला लागले. अप्पांना बोलावून दाखवलं. काकांना समजावलं की रात्री लाइट आली की एकपासून सुरू करा, वेळ झाली की पुढचं बटण दाबा. मी जळगावला निघून आलो.

पुढचे चार दिवस ज्यात गेले ती चूक हीच. अख्ख्या शेतातलं एकच बटण दाबून पाहिलं आणि तेही नेमकं बाराचं.

९ मार्च, रविवार

सकाळी सहाला काकांचा फोन. “भाऊ, पानी एकच पट्टामा जाई र्‍हायनं. बाकी समदं कोरडं शे.”

दोन रात्री त्यांनी सांगितल्याप्रमाणे बटणं दाबली, एक ते बारा, घड्याळ लावून. दोन्ही रात्री पाणी फक्त बाराव्या पट्ट्यात. मी दुपारी पोचलो तेव्हा त्या पट्ट्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. कडेच्या चारीत पाणी साचून त्यावर शेवाळाचा वास यायला लागला होता. उलट तीन नंबरमध्ये ड्रिपरखालची माती हाताने दाबली तर ढेकूळ पिठासारखं फुटलं. मृगबाग निसवणीत आहे, घड बाहेर पडायच्या दिवसांत ताण बसला तर फण्या लहान राहतात. काकांनी मला दोष दिला नाही. मला वाईट वाटलं ते वाटलंच.

त्या दिवशी माझा सगळा संशय वायरिंगवर. बटणावर सात लिहिलंय, मी सात दाबतोय आणि बारा उघडतोय, म्हणजे वायर कुठेतरी चिकटली असणार. बाराही जोड उघडले, कापडी टेप काढून नवे केले. कॉमनची वायर दोनदा तपासली. पंपघराच्या पत्र्याखाली दुपारी तीनला बसवत नव्हतं.

१० मार्च, सोमवार

नवं रिले बोर्ड आणलं, ७८० रुपये, चोपड्याला जाऊन येण्याचा अर्धा दिवस वेगळा. बोर्ड बदललं. तरी बाराच. जुनं बोर्ड चांगलं होतं, आता ते कपाटात पडून आहे.

रात्रभर वॉल हाताने फिरवले, मी आणि काका.

११ मार्च, मंगळवार

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. वॉल_उघड मध्ये पहिलीच ओळ प्रिंट(क्र) टाकली आणि आर्डुइनोची केबल काढून ठेवली. एक दाबलं, स्क्रीनवर बारा. पाच दाबलं, बारा. नऊ, बारा. वायरींचा काडीचा संबंध नव्हता.

काय होतं ते सांगतो. लॅम्डा तयार होताना क्र ची त्या वेळची किंमत आत साठवली जात नाही. आत राहतं ते फक्त “क्र” हे नाव. बटण दाबलं की त्या क्षणी पायथॉन विचारतं, क्र आता किती? तोपर्यंत लूप कधीच संपलेला असतो आणि क्र बारावर थांबलेला असतो. बाराही बटणं त्या एकाच क्र कडे बघतात. बटणावरचा आकडा मात्र बरोबर दिसतो, कारण टेक्स्ट=क्र हे लूप चालू असतानाच वाचलं जातं. एकाच ओळीत एक क्र आत्ता वाचला जातो आणि दुसरा बटण दाबल्यावर. म्हणून स्क्रीनकडे बघून ही चूक कधीच दिसणार नाही.

दुरुस्ती एवढीच:

कमांड=लॅम्डा क्र=क्र: वॉल_उघड(क्र)

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचा क्र लॅम्डाचा स्वतःचा, उजवीकडचा लूपमधला. डिफॉल्ट किंमत लॅम्डा बनतानाच ठरते, त्यामुळे प्रत्येक बटणाकडे आपापला आकडा राहतो.

पुतण्या कॉलेजात शिकतो, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, जावास्क्रिप्टमध्येही व्हार लिहिलं की हेच होतं, लेट लिहिलं की होत नाही. गो भाषेत तर २०२४ च्या १.२२ आवृत्तीपासून लूपच्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. पायथॉनमध्ये तसं नाही, आपणच बांधून द्यावं लागतं.

केबल जोडली, पंप चालू केला. या वेळी काका वॉलपाशी, मी बटणापाशी, फोन चालू. सात, दोन, अकरा, पाच, असं उलटसुलट दाबत गेलो. प्रत्येक वेळी काकांनी “उनं” (आलं) म्हटल्यावरच पुढचं. बारा सगळ्यात शेवटी. पाऊण तास लागला.

१६ मार्च, रविवार

धुळवडीत दोन दिवस गेले. आज नवी सोय: माउसची उजवी कळ दाबली की तो पट्टा फक्त पंधरा मिनिटं चालावा. खत सोडायच्या आधी ओल करायला उपयोगी. उजव्या कळीसाठी कमांड चालत नाही, बाइंड वापरावं लागतं. आता शहाणपण आलंय म्हणून तोच साचा लावला:

बटण.बाइंड("<बटन-३>", लॅम्डा क्र=क्र: थोडं_उघड(क्र))

कुठल्याही बटणावर उजवी कळ दाबली तरी तीन नंबरचा वॉल उघडला. परवा बारा, आज तीन! बटणाचा रंगही बदलला नाही आणि मागच्या काळ्या खिडकीत एररचं भेंडोळं आलं.

याला दीड तास गेला. बाइंड जेव्हा फंक्शन बोलावतं तेव्हा पहिल्या जागी स्वतःहून इव्हेंट (कुठली कळ कुठे दाबली याची माहिती) पाठवतं. माझ्या लॅम्डात पहिली आणि एकुलती जागा क्र ची. म्हणून इव्हेंट जाऊन क्र वर बसला आणि लूपमधला आकडा पुसला गेला. मग मी तो “क्र” मजकूर करून आर्डुइनोला पाठवला. पाठवलेलं छापून पाहिलं तर काहीसं असं होतं: बटनप्रेस इव्हेंट नम=३ एक्स=४१ वाय=१७. आर्डुइनोतलं पार्सइंट अक्षरं ओलांडत पहिला आकडा उचलतं. उजव्या कळीचा नंबर तीन, म्हणून वॉल तीन. माझा नमलॉक बंद होता. चालू असता तर मजकुरात आधी मॉड१ आलं असतं आणि विंडोजवर एक नंबर उघडला असता. अशा वेळी माणूस पुन्हा वायरींवर संशय घेतो. मी या वेळी घेतला नाही.

बरोबर ओळ:

लॅम्डा इव्हेंट, क्र=क्र: थोडं_उघड(क्र)

शिवाय वॉल_उघड आणि थोडं_उघड दोन्हींत तपासणी टाकली. क्र हा एक ते बारामधला पूर्णांक नसेल तर काहीही पाठवायचं नाही, खिडकीत लाल अक्षरांत चूक दाखवायची. ज्या प्रोग्रामच्या पलीकडे पाणी, मोटर किंवा आग आहे त्यात अशी तपासणी पहिल्याच दिवशी हवी.

२० मार्च, गुरुवार

रात्रीचं वेळापत्रक. काकांनी एक बटण दाबून झोपायचं, बाकी प्रोग्राम बघेल. फंक्शनमध्ये स्लीप टाकून थांबायचं नाही, खिडकी गोठते. आफ्टर (ठरलेल्या वेळाने फंक्शन चालवणारं) वापरायचं. लूपमध्ये बारा आफ्टर लावले:

आफ्टर(सुरुवात, लॅम्डा क्र=क्र: चालव(क्र, मिनिटं))

घड्याळ साठपट पळवून कोरडी चाचणी घेतली. क्रम बरोबर, सुरुवातीच्या वेळा बरोबर, पण खिडकीतल्या नोंदीत प्रत्येक पट्टा ३० मिनिटांनीच बंद. एक ते आठला ४५ हवीत. क्र बांधला, मिनिटं बांधायची राहिली. यादीतला शेवटचा पट्टा कांदेबागेचा, त्याची ३० मिनिटं सगळ्यांना लागली. ही चूक शेतात गेली असती तर मृगबागेच्या झाडाला १२ लिटरऐवजी ८ मिळाले असते, आणि पाणी सगळीकडे पोचलेलं दिसत असल्याने कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

लॅम्डात क्र=क्र, मिनिटं=मिनिटं लिहून भागतं. मी मात्र सगळीकडे फंकटूल्समधलं पार्शल लावलं:

आफ्टर(सुरुवात, पार्शल(चालव, क्र, मिनिटं))

पार्शल दिलेल्या सगळ्या किमती तिथेच बांधतं, एखादी विसरायची सोय राहत नाही. बाइंडला पार्शल देताना ध्यानात ठेवा, इव्हेंट येतोच, फक्त तो शेवटी येऊन बसतो. त्यासाठी फंक्शनला इव्हेंट=नन (नन म्हणजे काहीच नाही) अशी जादा जागा ठेवली.

आफ्टर जो आयडी परत देतो तोही यादीत ठेवा. रात्री दोनला लाइट गेली आणि वेळापत्रक थांबवायचं म्हटलं तर आयडीशिवाय आफ्टर_कॅन्सल करता येत नाही.

२३ मार्च, रविवार

लॅपटॉपवर प्रोग्राम पुन्हा सुरू केला की चालू असलेला वॉल बंद होतो आणि पहिलं बटण वाया जातं. सिरियल पोर्ट उघडला की आर्डुइनो रिसेट होतं, पहिले एक-दोन सेकंद ते काही ऐकत नाही. पोर्ट उघडल्यावर दोन सेकंदांनी बटणं चालू होतील असं केलं, तोवर ती करडी दिसतात.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी पंपघर. “आज हा पट्टा वगळा” असे बारा टिकबॉक्स लूपमध्ये टाकले. सगळे अर्धवट अवस्थेत दिसले, टिकही नाही आणि रिकामेही नाहीत. लूपमध्ये केलेलं बूलियनव्हार (टिक आहे की नाही ते साठवणारं) कुठेच जपून ठेवलं नव्हतं. पुढच्या फेरीत त्याच नावावर दुसरं आलं आणि आधीचं पायथॉनने टाकून दिलं. शेवटचंही फंक्शन संपल्याबरोबर गेलं. सगळे एका यादीत ठेवले, जमलं. बटणावर वॉलचं चित्र लावताना फोटोइमेजचंही हेच होतं, बटण कोरं दिसतं.

आणखी एक: बटण = बटन(...).ग्रिड(...) असं एका ओळीत लिहू नका. ग्रिड काहीच परत देत नाही, मग रंग बदलायच्या वेळी यादीत बारा नन सापडतात. दोन ओळी करा.

१२ एप्रिल, शनिवार

काकांशी बोलताना जे शब्द येतात तेच कोडमध्ये असावेत म्हणून एका व्हेरिएबलला चालू_र्‍हायनं असं नाव दिलं. पायथॉनने फाइल उघडायलाच नकार दिला: न दिसणारं अक्षर, यू प्लस २००डी. अहिराणीतला र्‍ह लिहिताना मधे एक अदृश्य जोडचिन्ह येतं आणि ते नावात चालत नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणून शोधायला वीस मिनिटं लागली. बटणावरच्या मजकुरात, म्हणजे अवतरणात, ते बिनधास्त चालतं. नाव साधं “चालू” केलं आणि खिडकीच्या वर मोठ्या अक्षरांत “पानी चालू र्‍हायनं” लिहिलं.

मिनिटांच्या चौकटीत काकांनी ४५ देवनागरी आकड्यांत टाकलं. मी धास्तावलो, पण इंट() ला देवनागरी अंक कळतात. काही करावं लागलं नाही.

३० एप्रिल, आखाजी

अठरा रात्री प्रोग्रामवर निघाल्या. त्यातली एक वाया गेली, लॅपटॉप आपोआप झोपी गेल्यामुळे. ती सेटिंग बंद केली. तीन नंबरच्या पट्ट्यात काही घडांना फण्या कमी आहेत, त्या दोन रात्रींमुळेच की आणखी कशाने हे नक्की सांगता येणार नाही, पण मी ते माझ्याच नावावर धरतो. एकूण खर्च ३७,२५०, त्यात नको असलेलं रिले बोर्ड आणि टेप-जोडांचे मिळून हजारभर. वेळ साधारण नव्वद तास, पैकी सव्वीस बाराच्या चुकीपायी.

काका पुढच्या सालाला थांबले. आज पुरणपोळी झाल्यावर ते स्वतःच पंपघरात गेले. भिंतीवर मी चाचणीचा कागद डकवलाय, कोडला हात लावला की तो पुरा करायचाच: ७, २, ११, ५, ९, १, ४, १०, ३, ८, ६, १२. काकांनी मला बागेत पिटाळलं आणि बटणं आपल्याकडे ठेवली. मी सात नंबरच्या वॉलला हात लावून उभा राहिलो. आतून टक झालं, नळी ताठ झाली.

“उनं का?” फोनवर काका.

“उनं.”

“मंग चाल, दोन नंबरवर जाय.”